साडेत्र्याऐंशी तुकडे

डब्यावर बाबांच्या हातचं लिहिलेलं होतं, 'वॉशर, अर्धा इंच', आणि आत वॉशर नव्हते. झालं ते एवढंच. सकाळी स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला, तिने खालची चावी बंद केली, बाबांच्या हत्यारांच्या कपाटातून डबा काढला, झाकण घट्ट बसलं होतं ते चमच्याच्या दांड्याने उचकटलं, तर आत एकावर एक नीट रचलेले करडे चौकोन. आधी तिला वाटलं, साबणाच्या चकत्या असतील. मग वाटलं, जुन्या एखाद्या तराजूखालची चामड्याची गादी कापून ठेवली असेल. मग वास आला. चार वर्षांपूर्वी बारा आठवडे रोज दुपारी तो वास तिच्या बोटांना येत असे. तो ओळखायला तिला डोळे उघडे ठेवायचीही गरज नव्हती. डार्क चॉकलेट, सत्तर टक्के कोको, दहा ग्रॅमचा तुकडा. वर पांढरट थर आला होता. ती बुरशी नव्हती, चॉकलेट जुनं झालं की आतली चरबी वर येऊन बसते, हे तिला आपसूक आठवलं, कारण असली माहिती तिला कुठल्याही प्रसंगी आपसूकच आठवायची. एकाही तुकड्यावर चंदेरी कागद नव्हता. तेही बरोबरच होतं. कागद तर तिच्याकडे जमा झाले होते, रोजच्या रोज, मोजून.

बाबा वजनमापं खात्यात निरीक्षक होते. चौतीस वर्षं त्यांनी दुकानोदुकानी जाऊन तराजू तपासले, खऱ्या वजनांवर शिक्के मारले आणि खोटी सापडली की डब्यात घालून, वर चिठ्ठी डकवून जप्त केली. निवृत्तीनंतर जप्त करायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी घरातल्या खिळ्यामोळ्यांना शिस्त लावली. पाऊण इंची खिळ्यांच्या डब्यात एक इंची खिळा सापडला तर ते दिवसभर अस्वस्थ असत. अशा माणसाने डब्यावर एक लिहून आत दुसरंच ठेवलं, तेही उभ्या आयुष्यात एकदाच. ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि तिला बाबांचा राग आला. वाईट वाटायचं ते नंतर वाटलं, आधी राग आला हेच खरं. जिवंतपणी तोंड नव्हतं का त्यांना? 'मला नको' म्हणायला कितीसे कष्ट पडतात? बारा आठवडे रोज समोर बसून, रुमालाने तोंड टिपून, कागदाची चौपदरी घडी करून तिच्या हातावर ठेवत होते. बाकीचे लोक कागदाचा बोळा करत. बाबांची घडी बघून तिला त्यांचं केवढं कौतुक वाटायचं. आणि हा नळ. नळ आज ना उद्या गळणार, ती आज ना उद्या वॉशर शोधणार, हे न कळण्याइतके बाबा भोळे नव्हते. दीड वर्षापूर्वी ते गेले आणि ती ह्या दोन खोल्यांत राहायला आली, तेव्हापासून डबा तिची वाट बघत कपाटात बसला होता आणि तिला पत्ता नव्हता. तिने नळाच्या तोंडाला फडकं बांधलं, डबा पिशवीत टाकला आणि कामावर निघाली, कारण आज अकरा वाजता तिला सही करायची होती.

सही म्हणजे एका पत्रकावर. ती ज्या रुग्णालयात एकतीस वर्षं काम करत होती, तिथला नियम असा की रुग्णाच्या हातात खाण्यापिण्याबद्दल कुठलाही छापील कागद द्यायचा तर त्यावर मुख्य आहारतज्ज्ञाची सही हवी. मुख्य आहारतज्ज्ञ ती होती, आणखी तीन महिने होती. पत्रकावर वर लाल हृदय, त्याखाली 'रोज एक तुकडा डार्क चॉकलेट, हृदयाला आधार', आणि त्याखाली बारीक अक्षरात 'आमच्याच रुग्णालयातील अभ्यासातून सिद्ध'. तो अभ्यास तिचा होता. म्हणजे नाव मोठ्या डॉक्टरांचं पहिलं होतं, तिचं दुसरं, पण राबली ती. हृदयाच्या दुखण्यातून उठलेली अठ्ठेचाळीस माणसं रोज व्यायामाला आणि जेवायला रुग्णालयाच्या पुनर्वसन केंद्रात येत. त्यातल्या चोवीस जणांना जेवणानंतर एकेक तुकडा, चोवीस जणांना काही नाही. बारा आठवड्यांनी चॉकलेटवाल्यांचा रक्तदाब दुसऱ्यांपेक्षा सरासरी सहाने जास्त उतरला. निष्कर्ष वैद्यकीय मासिकात छापून यायला तीन वर्षं गेली, आणि आता पत्रक. मोठ्या डॉक्टरांनी तिला शब्द दिला होता की पत्रक निघालं की निवृत्तीनंतरही आठवड्यातून तीन दिवस सल्लागार म्हणून यायचं. तीच खोली, तीच खुर्ची, धोबीखान्याच्या धुराड्याकडे उघडणारी तीच खिडकी. ती खिडकी काही बघण्यासारखी नव्हती. पण तीन महिन्यांनी घरी बसून करायचं काय, ह्या प्रश्नाची तिला धास्ती होती, आणि धुराडं का होईना, समोर काहीतरी चालू असलेलं दिसायचं. बसमध्ये तिने पिशवी मांडीवर घेतली. वळणावर आतले तुकडे एकमेकांवर घासले आणि शेजारच्या बाईने नाक वर करून इकडेतिकडे बघितलं. ती सरळ समोर बघत राहिली.

रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातले लोक तिला पाठीमागे तोलबाई म्हणत, आणि ते तिला ठाऊक होतं. रुग्ण काय जेवला हे त्याला विचारू नये, ताटात काय उरलं ते तोलावं, हा तिचा बाणा. तिची एक नोंदवही होती, उरलेल्याची. तीन रकाने: काय उरलं, किती उरलं, कारण. कारण ह्या रकान्यात ती लिहायची, दात दुखतो, सूप गार, मुलगा भेटायला आला नाही. कुणाला ह्या वहीचं हसू येई, पण ह्या वहीच्या जोरावर तिने तीन कंत्राटदार घालवले होते आणि अर्ध्या रुग्णालयाचं मीठ कमी केलं होतं. अशा बाईने चॉकलेटच्या बाबतीत मात्र उरलेलं तोललं नाही, रिकामे कागद मोजले. चोवीस कागद आले की चोवीस तुकडे पोटात गेले. तुकड्याचं उरणार काय, म्हणून. कागद म्हणजे भांडं, आणि भांडं रिकामं आलं म्हणून माल गिऱ्हाइकाच्या घरी पोचला असं बाबांच्या खात्यातल्या शिकाऊ पोरानेही म्हटलं नसतं. 'आधी रिकामं भांडं तोल,' बाबा सांगायचे, ती सात-आठ वर्षांची असल्यापासून. 'काटा शून्यावर आण. मग बोल.' ती खेळण्यातल्या तराजूत गोट्या तोलायची तेव्हाही.

त्याच वयातली आणखी एक गोष्ट बस थांब्यावर थांबेपर्यंत तिच्या मानगुटीवर येऊन बसली. सुट्टीच्या दिवशी बाबा तिला कधीकधी फिरतीवर बरोबर नेत. एका गोळ्याबिस्किटांच्या दुकानात बाबांनी काटा तपासला, काटा चोख निघाला, दुकानदाराने खुशीने बरणीतून मूठभर चॉकलेटं काढली आणि तिच्या फ्रॉकच्या खिशात घातली. बाबांनी एकेक करून ती सगळी परत बरणीत टाकली. ओरडले नाहीत, दुकानदाराला लागेल असं काही बोलले नाहीत. ती रस्त्यात मोठ्याने रडली तेव्हा बाबा खाली बसून म्हणाले होते, 'ज्याचा काटा तपासायचा, त्याच्या दुकानातलं आपण खात नाही. तपासणी संपली, शिक्का मारला, वहीत लिहिलं, मग दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक म्हणून यायचं आणि विकत घ्यायचं.' ती म्हणाली, मला आत्ता हवंय. तेव्हा ते तिला समोरच्या गल्लीत, दुसऱ्या निरीक्षकाच्या हद्दीतल्या दुकानात घेऊन गेले आणि एक चॉकलेट घेऊन दोघांनी अर्धं अर्धं खाल्लं. बाबांना गोड फार आवडायचं. आई गेल्यावर आणि त्यांचं हृदय दुखायला लागल्यावर त्यांच्या चहातली साखर तिनेच काढली होती, एका रविवारी, डबा उचलून घरी नेऊन. ते काही बोलले नव्हते. आणि अभ्यासाच्या पहिल्या दिवशी तिने त्यांच्या हातावर तुकडा ठेवला तेव्हा त्यांनी तो उलटापालटा करून विचारलं होतं, 'कुणी पाठवलं हे?'

'कंपनीने.'

'विकत?'

'नाही हो बाबा, फुकट. अभ्यासासाठी देतात.'

'बरं,' बाबा म्हणाले होते. तो 'बरं' आता, चार वर्षांनी, बसच्या पायरीवरून उतरताना तिच्या कानात पडला आणि ती खांबाला धरून क्षणभर तशीच उभी राहिली. मागचा माणूस म्हणाला, 'बाई, उतरताय ना?' ती उतरली.

म्हणजे आवडनिवडीचा प्रश्नच नव्हता. जो माणूस चहातल्या साखरेसाठी मनातल्या मनात झुरत होता, त्याने गोड म्हणून हातात पडलेली एकमेव वस्तू रोज, बहुधा चष्म्याच्या घरात लपवून, घरी नेली आणि जप्त केली. केंद्राच्या जेवणघरात गारठा असायचा, बाबा स्वेटर घालून यायचे आणि गारठ्याबद्दल कुरकुरायचे, पण त्या गारठ्यामुळेच तुकडे वितळले नाहीत. ती कंपनीचा काटा तपासत होती आणि कंपनीचं खात होती. फक्त रुग्णांना देत होती असं नाही, उरलेल्या खोक्यांतला रोज एक तुकडा तीही खायची, नमुना म्हणून, आणि पुढे सवय म्हणून विकत आणून. हे तिला कुणी तोंडावर सांगितलं असतं तर तिने त्याला चार खडे बोल सुनावले असते. बाबांना ते ठाऊक होतं. शिवाय बाबांना आणखी एक गोष्ट ठाऊक होती, आणि ती आठवल्यावर तिला खरोखर वाईट वाटलं. त्या बारा आठवड्यांआधी ती बाबांकडे पंधरा दिवसांतून एकदा जायची, औषधांच्या डब्या भरायची, शीतकपाट तपासायची आणि निघायची. अभ्यासामुळे ती रोज पाऊण तास त्यांच्या टेबलावर बसत होती. बाबा नाही म्हणाले असते तर अभ्यासातून गळले असते, आणि मग तो पाऊण तासही गेला असता.

रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात सकाळचे ट्रे परत येत होते. ट्रे गोळा करणाऱ्या मावशी तिच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठ्या होत्या आणि तिच्याआधीपासून तिथे होत्या. निवृत्तीचं वय त्यांना लागू होतं की नाही हे विचारायची कुणाची छाती नव्हती. तिने पिशवी खुंटीला अडकवली आणि सरळ विचारलं, 'मावशी, त्या चॉकलेटच्या वेळी ट्रे तुम्हीच उचलत होता ना?'

'मीच की. दुसरं कोण उचलणार?'

'सगळे खायचे का ते?'

मावशींनी हातातला कप खाली ठेवला आणि पदराला हात पुसत तिच्याकडे बघितलं. 'चार वर्षांनी विचारताय होय?'

'आता विचारतेय. सांगा.'

'ते बँकेतले कॅशियर होते ना, ते नातवासाठी न्यायचे. नातू रोज दारात उभा असायचा. त्या शाळेतल्या बाई मला द्यायच्या, दातात अडकतं म्हणून. कोपऱ्यातला तो उंच माणूस तेवढा मन लावून खायचा. स्वतःचं खायचा, शेजारच्याचंही खायचा. बाकीच्यांचं काही मी बघितलं नाही.'

'मला का नाही बोललात?'

'तुम्ही कागद मोजत होता. कागद बरोबर भरत होते. मी कशाला मध्ये पडू?' मावशींनी पुढचा ट्रे ओढला. 'आणि खरं सांगू का, तुम्ही त्या दिवसांत अगदी खुशीत असायच्या. टेबलावर बसायच्या, कुणाची सून कशी आहे, कुणाची झोप कशी आहे, सगळं विचारायच्या. एरवी तुम्ही ताटातलं उरलेलंच बघता, माणसाकडे कुठे बघता? तेव्हा म्हटलं, चाललंय ते चालू दे.'

'आणि दुसऱ्या गटातले लोक?'

'त्यांचे ट्रे खिडकीतून जायचे. त्यांना कोण विचारतंय? ट्रे घ्या नि जेवा.' मावशींनी पुन्हा कप उचलला आणि हसल्या. 'मी तर पन्नासेक तुकडे खाल्ले असतील बाई. माझं बीपी मात्र कुणी मोजलं नाही.'

तिलाही हसू आलं. आजच गप्प बसावं, सही करावी आणि घरी जाऊन नळ दुरुस्त करावा, असा एक विचार तिच्या मनात आला हे लपवण्यात अर्थ नाही. कुणाला कळणार होतं? डबा नदीत टाकला असता, कचऱ्यात टाकला असता. पांढरट पडलेल्या चॉकलेटला कुणी साक्षीला बोलावत नाही. खोली राहिली असती, खिडकी राहिली असती. पण हा विचार जसा आला तसा तिला स्वतःचाच संताप आला, आणि संतापाने तिचं काम सोपं केलं. रुग्ण किती खोटं बोलतात हे ती एकतीस वर्षं नवख्या मुलींना शिकवत आली होती, आणि चोवीस म्हाताऱ्यांनी तिला आरामात गुंडाळून ठेवलं होतं. ठीक आहे. गुंडाळलं तर गुंडाळलं. आता त्या गुंडाळीला आपला शिक्का नाही मारायचा. ती जिना चढली.

मोठे डॉक्टर तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान होते आणि माणूस म्हणून वाईट नव्हते. बाबांच्या हृदयात नळी घालून त्यांना आणखी सहा वर्षं ह्याच हातांनी मिळवून दिली होती, आणि ते उपकार ती विसरली नव्हती. त्यांनी पत्रक तिच्यासमोर सरकवलं, वर पेन ठेवलं. तिने पेन उचलून बाजूला ठेवलं.

'डॉक्टर, सतरा नंबरच्या रुग्णाने चॉकलेट खाल्लेलं नाही.'

'किती दिवस?'

'बारा आठवडे. एकही तुकडा नाही.'

डॉक्टरांनी चष्मा वर केला आणि पडद्यावर बघितलं. 'सतरा? अहो मॅडम, हा तर आपला सगळ्यात चांगला निकाल आहे. चौदाने उतरलाय.'

'माहीत आहे. ते माझे बाबा.'

डॉक्टरांनी पडद्यावरची ती ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाले, 'एक काढून टाकू. तेवीस उरतात. सरासरीत फार फरक पडणार नाही.'

'तेवीसही उरत नाहीत.' तिने कॅशियर, शाळेतल्या बाई, उंच माणूस, सगळे सांगितले, मावशींचं नाव न घेता.

'ह्या झाल्या ऐकीव गोष्टी.'

'माझी मोजणीही ऐकीवच होती. कागदांनी सांगितलं ते मी ऐकलं.'

'हे बघा,' डॉक्टर खुर्चीत पुढे सरकले, 'कोकोत गुण आहेत हे तुम्ही नाकारणार नाही. जगभर अभ्यास झालेत.'

'नाही नाकारत. कोकोतल्या काही घटकांनी रक्तवाहिन्या जरा सैल होतात, दाब थोडासा उतरतो, हे दिसलंय. पण त्यातले बरेच अभ्यास कोकोच्या अर्काचे आहेत, मोजून मात्रा दिलेले. बाजारातल्या वडीत ते घटक किती उरले, हे वेष्टनावर कुठे लिहिलेलं असतं? सत्तर टक्के लिहिलेलं असतं, त्यावरून हे कळत नाही. साखर आणि चरबी मात्र नक्की असते.'

'एका तुकड्याने असं काय मोठं नुकसान होणार आहे?'

'तुकड्याने काही होणार नाही. बाकीचं जेवण धड असेल तर खुशाल खावा. नुकसान पत्रकाने होईल. गेल्या महिन्यात एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. पेपरात कुठेतरी वाचून त्यांनी दाबाची गोळी बंद केली होती, रोज अर्धी वडी खात होते. मला म्हणाले, गोळीपेक्षा हे बरं, चवीला चांगलं. आपण तर पत्रकावर हृदय छापलंय, लाल.'

डॉक्टरांनी पेन बोटांत फिरवलं. 'मग मला एक सांगा. दाब उतरला कशाने?' हा प्रश्न त्यांनी टोमणा म्हणून विचारला नव्हता, खरोखरच विचारला होता, आणि त्याबद्दल तिला ते त्या क्षणी आवडले.

'मला माहीत नाही,' ती म्हणाली. 'मी चॉकलेटवाल्यांच्या टेबलावर रोज पाऊण तास बसत होते. दुसऱ्यांचे ट्रे खिडकीतून जात होते. त्याने उतरला असेल, किंवा त्यानेही नसेल. आपण रिकामं भांडं तोललंच नाही, तर आता कशाच्या जोरावर बोलणार?'

'पत्रक माझ्या सहीने काढता येणार नाही, तुम्हाला माहीत आहे.'

'म्हणूनच मी करत नाहीये. मी आहे तोवर ते जाणार नाही. मी गेल्यावर जी येईल, तिच्या टेबलावर माझी नोंद असेल. तिने वाचून मग काय ते ठरवावं. आणि मासिकाला आपण दोघांनी लिहायला हवं की निष्कर्ष मागे घेतो.'

'आणि सल्लागारपदाचं?' डॉक्टरांचा आवाज मऊ होता, म्हणून जास्त लागला. 'ते मग मला बघावं लागेल.'

'बघा,' ती म्हणाली. ह्या एका शब्दाची ती सकाळपासून आतल्या आत तयारी करत होती हे तिला तो उच्चारल्यावर कळलं. तिने पत्रक उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांच्याच पेनने लिहिलं: 'डार्क चॉकलेट आवडत असेल तर थोडं खा. आवडत नसेल तर खाऊ नका. तुमचं औषध गोळ्यांच्या डबीत आहे.' कागद त्यांच्याकडे सरकवून ती म्हणाली, 'हे छापायचं असेल तर ह्यावर आत्ता सही करते.' डॉक्टरांनी वाचलं, तोंडाचा एक कोपरा जरासा हलला, आणि त्यांनी कागद खाली ठेवला. 'पुरावा आहे तुमच्याकडे, सतरा नंबरचा?'

'आहे. तोलून नोंदवहीत लिहिते.'

डबा तिने वर आणलाच नव्हता. बाबांना टेबलावर उभं करून दाखवायची तिची इच्छा नव्हती.

दुपारचे ट्रे निघून गेले होते आणि स्वयंपाकघर रिकामं होतं. तिने काटा पुसला. बाबांनी तिला नोकरी लागली तेव्हा दिलेलं पितळी वजन, पाचशे ग्रॅमचं, शिक्क्याचं, काट्यावर ठेवून बघितलं. काटा चोख होता. रिकामी स्टीलची थाळी ठेवली, शून्य केलं. मग डब्यातले तुकडे थाळीत ओतले. डब्याच्या कडेला एक कागद खोचलेला होता, तुकडे वाजू नयेत म्हणून घातला असेल असं समजून तिने तो तसाच राहू दिला. आठशे तीस. तिने कपाळाला आठ्या घातल्या. चौऱ्याऐंशी दिवस, आठशे चाळीस व्हायला हवे. थाळी उतरवली, पुन्हा शून्य केलं, पुन्हा ठेवली. आठशे तीस. मग तिने एकेक करून मोजले, दहादहाच्या चळती लावल्या. त्र्याऐंशी. म्हणजे एक कमी. आपण वर जाऊन 'एकही तुकडा नाही' असं ठासून सांगून आलो आणि ते चूक आहे, ह्याची तिला आधी लाज वाटली. मग तिने तो कागद ओढून काढला. केंद्राच्या जेवणघरातला फिकट निळा हातपुसणा होता, चौपदरी घडी घातलेला. उलगडला, तर आत अर्धा तुकडा. मधोमध मोडलेला, कड सरळ. काट्यावर ठेवला. पाच ग्रॅम.

तेव्हा तिला शेवटचा दिवस आठवला, आणि तो इतका लख्ख आठवला की ती स्टुलावर बसली. सगळे निघाले होते, खुर्च्या सरकत होत्या, ती कागद मोजत होती. बाबांनी तुकडा मोडला होता, अर्धा तोंडात टाकला होता, सगळ्यांच्या देखत, अगदी चवीने, डोळे बारीक करून. आणि दुसरा अर्धा तिच्यापुढे धरला होता. 'संपली ना तुझी तपासणी आज?' ते म्हणाले होते. 'घे. अर्धा तुझा.' आणि ती कागद मोजता मोजता, मान वर न करता म्हणाली होती, 'बाबा, असं नाही चालत. संध्याकाळी दाब मोजायचाय, तो झाल्याशिवाय अभ्यास संपत नाही. तुम्हाला पूर्ण दहा ग्रॅम खायला हवं.' बाबा म्हणाले होते, 'बरं.' हात मागे गेला होता. तेविसानंतर चोवीस मोजताना तिची मोजणी चुकली नव्हती, एवढंच तिला तेव्हा महत्त्वाचं वाटलं होतं.

तिने नोंदवही उघडली. नवं पान घेतलं. काय उरलं: डार्क चॉकलेट, रुग्ण क्रमांक सतरा. किती उरलं: ८३५ ग्रॅम. खाली लिहिलं, बारा आठवड्यांत रुग्णाने खाल्ले ५ ग्रॅम, शेवटच्या दिवशी. सकाळी डॉक्टरांना 'एकही नाही' सांगितलं ते चूक. कारण ह्या रकान्यावर पेन थांबलं. मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या. थाळीकडे, चळतींकडे, तिच्याकडे बघितलं आणि काही न विचारता चहाचं भांडं गॅसवर ठेवलं. 'साखर?' त्यांनी सवयीने विचारलं, सवयीने नाही ऐकायच्या तयारीने.

'घाला,' ती म्हणाली. 'दोन चमचे.'

मग तिने तो अर्धा तुकडा उचलला. चार वर्षं जुना, पांढरट पडलेला, कुठल्याही नियमात न बसणारा. जिभेवर ठेवला. चावला नाही, चावू नका, विरघळू द्या, हे तिनेच चोवीस जणांना शिकवलं होतं. बराच वेळ नुसता मेणासारखा लागला, मग कडू, मग कुठेतरी मागे किंचित गोड. हृदयाला त्याने काय झालं असेल ते कुणी मोजलं नाही. संपल्यावर तिने ८३५ हा आकडा एका रेघेने खोडला, कारण आता तो खरा नव्हता, आणि त्याच्यावर ८३० लिहिलं. बाजूला लिहिलं, ५ ग्रॅम मुलीने खाल्ले. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'तपासणी संपली', आणि खाली सही केली.